बॉनेटवरची गोधडी

भीमपूरला लग्नासाठी मुक्काम होता. पहाटे आबांना धाप लागली आणि रात्रभर दवात उभी असलेली माझी जुनी मोटार सुरूच होईना.

पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांच्या, शेकोटीजवळचा एक अनोळखी म्हातारा उठून आला. "काऊन सारखा सेल्फ मारून राह्यले, भाऊ? ब्याटरी बसन. म्हातारं इंजिन हाये, आंधी ऊब द्या."

त्यानं गरम पाण्यात फडकं भिजवून कार्ब्युरेटरला गुंडाळलं. इंजिन धडधडलं, तसं बॉनेट लावून वर अंगावरची गोधडी टाकली. ते तापल्यावर तीच कोमट गोधडी त्यानं आबांना पांघरली आणि बनियनवर कुडकुडत म्हणाला, "आता बाबाले ऊब पायजे. निंगा."

घाईत नाव विचारायचं राहिलं. बरे झालेले आबा पुढं दर हिवाळ्यात तीच पांघरायचे. धुवायला मात्र देत नसत. पराटीच्या धुराचा वास जाईल म्हणायचे.