बुटातली घोंगडी

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत कारखान्यात बारा-बारा तास लेथपुढे उभं राहावं लागे. माझी टाच इतकी ठणकायची, की नोकरी सोडतो असं मी घरी सांगून टाकलं होतं. कारखाना सुटल्यावर बसस्टॉपवर रोज दिसणाऱ्या एका उंच माणसानं एकदा विचारलं, "काहून लंगडून राहिले, भाऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यानं जाड घोंगडीचा, मधोमध भोक पाडलेला तुकडा आणला. माझा बूट मांडीवर घेऊन आत बसवला, अंगठ्यानं कडा दाबल्या.

"दुखतं तिथं काही टेकूच द्यायचं नाही. चलो, चालून पाहा."

मी चालतच राहिलो. बस निघून गेली, तसे आम्ही अधारतालपर्यंत, माझ्या वस्तीपर्यंत, गप्पा मारत पायीच आलो. एवढ्या गर्दीत माझ्या पायांकडे त्या एकट्याचंच लक्ष गेलं होतं.

बायकोनं दारातूनच माझी चाल पाहिली आणि हसून विचारलं, "मग, उद्या डब्यात काय देऊ?"