इथे कुणी हेमांगी राहत नाही

आमची सून देविका म्हणजे एक नंबरची हट्टी. सत्त्याण्णव साली ती गुडगावातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. करोलबागेतून रोज दोन बस बदलून जायची. तेव्हा मीच अट घातली, "सहा महिन्यांत पक्की झालीस तर ठीक, नाहीतर घर सांभाळायचं." खरं सांगू? ती पक्की व्हायला मला नकोच होती.

शेवटच्या आठवड्यात घोडं अडलं. पुलांवरचा भार काढणारा जुना प्रोग्राम फोरट्रान भाषेत, नवा सी भाषेत. दोन्ही आपापल्या जागी शहाणे, पण एकत्र जोडून नव्याने जुन्यातल्या 'भार' नावाच्या भागाला हाक मारली की कॉम्प्युटर म्हणे, 'भार' नावाचं इथे कुणी नाही! साहेब म्हणाले, जुनं फेका, सोमवारी गिऱ्हाइकाला तसं कळवू. जोडायचं काम हिच्याकडे, म्हणजे हिचाही निकाल सोमवारीच.

"वीस वर्षं बिनचूक चाललेलं का म्हणून फेकायचं?" म्हणत ही शनिवारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसली. मी मनात म्हटलं, बसू दे, दोनच दिवस उरलेत.

तेवढ्यात पोस्टमन आला. "हेमांगी जी की रजिस्ट्री है."

"यहाँ कोई हेमांगी नहीं रहती!" मी दार लावायला गेले.

"अहो आई, मीच की ती!" देविका धावत आली. सांगलीहून तिच्या आईचं पाकीट होतं. लग्नात माझ्याच हट्टापायी तांदळाच्या ताटात हेमांगीची देविका झाली होती, आणि मीच विसरले. काय म्हणावं मला!

सही करता करता ती थांबली आणि खदखदून हसली. "आई, अगदी हेच झालंय! भार घरातच आहे, त्याचं नाव बदललंय!"

तशीच ऑफिसला पळाली. आतल्या नावांची यादी काढली, तर फोरट्रानने 'भार'च्या शेवटी गुपचूप एक आडवी रेघ चिकटवलेली. सी बिचारी रेघेशिवाय हाक मारत होती. हिने हाकेलाही रेघ जोडली आणि प्रोग्राम चालला.

सोमवारी पक्की झाल्याचं पत्र तिने माझ्या हातात दिलं. आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू? ती शेजारी बसली. "आई, तुमचं माहेरचं नाव काय हो?"

"भानुमती," मी म्हणाले. चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मला रडूच फुटलं.

मंगळवारपासून तिचा डबा मी भरायला लागले.