सहा फुटांवरचे डॉक्टर

दातांचे डॉक्टर तसे देवमाणूस. रडणाऱ्या पोराची दाढ बघायची तर आधी स्वतःचा जबडा उघडून दाखवतील. पण एक्स-रे काढायचा म्हटला, की स्वारी बटणाची वायर ताणत थेट दाराबाहेर. सहा फूट, एक इंच कमी नाही! अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाईवर येतो, हे त्यांना कॉलेजपासून तोंडपाठ.

आणि आत कोण? ताई. बावीस वर्षं त्यांच्याकडे मदतनीस असलेल्या. एक्स-रेची फिल्म पेशंटच्या तोंडात दाताशी धरायला साधन होतं, पण त्याने पेशंटला ओकारीची उबळ यायची, वेळ मोडायचा. "ताई, धरा हो जरा," की ताई बोटाने फिल्म दाबून उभ्या. सुरुवातीला एकदा त्यांनी विचारलंही होतं, "मला काही होणार नाही ना?"

"छे हो! एवढ्याशानं काय होतंय?"

झालं! डॉक्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आता त्याच बोटाला चीर पडली होती, सहा महिने भरत नव्हती. नख काळवंडलेलं. "हात धुवायच्या त्या औषधानं झालं असेल," ताई म्हणायच्या. डॉक्टर नुसतं 'हं' करायचे. अपराधी मन आतून कुरतडत होतं, ताईंसमोर मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, पण खरं सांगायला जीभ रेटेना. शेवटी ते स्वतःच ताईंना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी भिंगातून बोट पाहिलं. "लक्षण बरं दिसत नाही. कातडीचा तुकडा तपासायला पाठवू का, की आधी मलम देऊन बघू? एक्स-रेशी कधी संबंध?"

"तसा किरकोळ," ताई म्हणाल्या. "आमचे डॉक्टर फार जपतात हो. धोका असता तर मला हात लावू दिला असता का?"

गप्प बसले असते तर डॉक्टरांचं निभावलं असतं. पण मलमावर वेळ गेला असता, आणि कदाचित बोटही.

"ह्या रोज बोटाने फिल्म धरायच्या," ते म्हणाले. "बावीस वर्षं. मी दाराबाहेर असायचो."

ताई गोंधळून हसल्या. "अहो, बटण दाबायलाच जायचात ना तुम्ही बाहेर?"

"बटण खुर्चीपाशी उभं राहूनही दाबता येतं, ताई."

ताईंचं हसू मावळलं. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं," डॉक्टर म्हणाले.