बर्फ फुटेपर्यंत चीचाको

आमच्या गावात नवख्या माणसाला चीचाको म्हणतात. सोन्याच्या मागे धावत जे पहिले लोक इकडे आले, त्यांच्या काळापासूनचा शब्द आहे म्हणे. नदी गोठताना पाहिली आणि तीच नदी फुटताना पाहिली, म्हणजे मधला हिवाळा अख्खा इथे काढला, की मग तुम्ही सावरडो. सावरडो म्हणजे पावाचं आंबवलेलं पीठ. ते थंडीने मरू नये म्हणून जुने खाणवाले कुशीत घेऊन झोपायचे, त्यावरून.

हे मला काकांनी सांगितलं. कॅनडाच्या पार उत्तरेला, युकॉनमधल्या माझ्या पहिल्याच रविवारी, पिठलं ढवळता ढवळता. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. खाणीत तीस वर्षं इंजिनियर, आणि गावात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. काकू ओकव्हिलला मुलाकडे. मुलं फोनवर इंग्रजीतच उत्तरं देतात म्हणून काका कुरकुरायचे. "तू आलीस आणि माझ्या तोंडाला चव आली बघ," म्हणायचे. मला काय, बरंच वाटायचं.

मी वॉटर्लूला केमिस्ट्री करून खाणीच्या लॅबमध्ये लागले होते. दगडाची भुकटी भट्टीत वितळवायची आणि त्यात सोनं किती ते काढायचं. नोकरी सप्टेंबरपर्यंतची. पण पुढे हिवाळ्यासाठी एकाला कायम ठेवणार होते, आणि मला ती जागा हवी होती. हात चांगला होता माझा. सुपरवायझर बाईंनी तसं तोंडावर सांगितलंही होतं. त्यांना एकच धास्ती, चीचाको घ्यायचा आणि तो डिसेंबरमध्ये पळायचा.

ऑगस्टमधल्या एका रविवारी काकांकडे जेवताना माझा बांध फुटला. आईची आठवण, एकटेपणा, सगळंच एकदम. "काका, नाही हो जमायचं मला! हिवाळ्यात म्हणे चार तासांचा उजेड! वेड लागेल. मी जाते परत, खड्ड्यात गेली ती नोकरी!" मी मुळातच तोंडाळ. घरी तर दिवसातून दहा वेळा असं काहीतरी म्हणायचे आणि लगेच जेवायला बसायचे. काका पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "रड गं, मोकळी हो. इथे आपल्याला आपल्याशिवाय आहे कोण?" मी पोटभर रडले, मग दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेले.

सप्टेंबरमध्ये बाईंनी मला बोलावलं. जागा दुसऱ्याला दिली होती. "पण तू तर परत जाणार आहेस ना?" त्या म्हणाल्या. "दर रविवारी रडतेस, अंधाराची भीती वाटते तुला." त्यांनी काकांनाच विचारलं होतं. तुमच्याकडची मुलगी आहे, तुम्हाला माहीत असणार, टिकेल का? काकांनी सांगितलं, टिकणार नाही.

दर रविवारी! एकदा रडले होते मी. एकदाच.

तशीच तणतणत काकांच्या घरी गेले. वाटलं होतं, नाही म्हणतील. गैरसमज झाला म्हणतील. मी विश्वाससुद्धा ठेवला असता. पण काका शांतपणे म्हणाले, "तुझ्या भल्यासाठीच बोललो. आणि समज, माझ्या शब्दावर तुला ठेवली असती आणि जानेवारीत तू पळाली असतीस, तर? तुमचे लोक असेच, हे मला ऐकावं लागलं असतं. इथे नाव कमवायला तीस वर्षं लागली मला."

"मग मला विचारायचं होतं काका, की खरंच जाणार आहेस का."

त्यावर ते म्हणाले, "चहा टाकू?"

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी गेले नाही. हट्टच म्हणा हवं तर. गावातल्या ग्रोसरीत माल लावायची नोकरी धरली आणि एक बेसमेंट भाड्याने घेतलं. नदी गोठली. दुपारी दोनलाच दिवे लागायला लागले. पायऱ्यांवरचं बर्फ फावड्याने उपसलं, रडले, आणि कामावर गेले. एक दिवस चुकवला नाही. काका दुकानात दिसले की मी मागच्या गोडाऊनमध्ये जायची.

मे महिन्यात बर्फ फुटलं. नदी फुटल्याचा भोंगा झाला आणि आम्ही दुकान टाकून काठावर धावलो. खोलीएवढे तुकडे एकमेकांवर चढत, कडाडत निघाले होते. सगळं गाव ओरडत होतं. सुपरवायझर बाईंनी मला मिठी मारली, म्हणाल्या, आता तू चीचाको नाहीस. त्यांचे डोळे भरले होते, माझेही.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. काका. सगळ्यांना ऐकू जाईल अशा इंग्रजीत म्हणाले, "आमची मुलगी आहे ही! मला माहीतच होतं, टिकणार." मग माझ्याकडे वळून हळूच, मराठीत, "काय गं, जिंकलीस की! रविवारी ये, पिठलं करतो."

खूप शिव्या तयार होत्या माझ्याकडे. आठ महिने घोकलेल्या, अस्सल. एकही दिली नाही. त्यांच्या मुलांसारखी म्हणाले, "थँक यू. आय ॲम बिझी ऑन संडे."

"अगं, मराठीत बोल की माझ्याशी," काका म्हणाले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"सॉरी?" मी म्हणाले.

अजून भेटतात दुकानात. ते मराठीत विचारतात, मी इंग्रजीत उत्तर देते. पिठलं माझं मीच करते आता. करताना मोठ्याने बोलते, मीठ कमी पडलं, गुठळ्या झाल्या, असलं काहीतरी. या गावात मी मराठी बोलते ती आता फक्त माझ्याशीच.