हेल्गाताईच्या आल्मानाखमधलं कुंकू

सगळ्यात आधी आले ते घर रिकामं करणारे. सख्खा भाचा त्यांच्या मागून, तोही फोनवर बोलत.

खालच्या मजल्यावरची आमची हेल्गाताई गेली, त्याला आज तेरा दिवस.

मी चौथी शिकलेली. जावयाच्या नोकरीपायी लेकीकडे ड्रेस्डेनला आले आणि म्हातारपणी मैत्रीण मिळाली ती ही. भाषा एक नाही, पण दुपारचा चहा रोज. मधे नात रेवा बसायची, दोघींचं बोलणं इकडून तिकडे करत.

हेल्गाताईच्या कपाटात तळहातावर मावतील अशी पुस्तकं होती. आल्मानाख म्हणायची त्यांना. दोनशे वर्षं जुनी. पुढे कॅलेंडर, मागे कविता, मधे बारीक रेघांची चित्रं.

थंडीच्या तोंडावर दुकानात यायची म्हणे, वर साल मात्र पुढचं. नवीन वर्षाला बायकांना भेट द्यायची पद्धत.

मी म्हटलं, अगं, हे तर आमचे दिवाळी अंक! माझे वडील अंक आणायचे, मी आधी विनोद वाचून घ्यायची. पुरवून पुरवून.

मग इकडे मोठी चित्रांची मासिकं निघाली आणि ही चिमुकली पुस्तकं बंद पडली. हे सांगताना ती पुस्तक कपाटात ठेवून द्यायची. आमच्याकडेही आता अंक कोण मागवतं?

एका पाडव्याला तिनं त्यातलं एक उघडलं. वार, चंद्राच्या कला, सगळं छापलेलं. मला वाटलं पंचांगच. लावलं की हळदकुंकू!

रेवा ओरडली, "आजी, नाइन! नको!"

हेल्गाताई हसली, आणि स्वतःचं कपाळ पुढे केलं. अजून आठवलं की बरं वाटतं.

त्याच कॅलेंडरात पाच बायकांची नावं होती, पाच हातांची अक्षरं. तिच्या पणजीच्या आधीपासूनची. जी गेली तिचं नाव मागे राहिलेलीनं त्या तारखेसमोर लिहायचं. मला बाई कसंसंच झालं. म्हटलं, मिटव ते पुस्तक.

तिनं मिटवलं नाही. रेवाकडून मला विचारलं, "माझ्यामागे घरात बाई नाही. माझं नाव तू लिहिशील?"

"माझं अक्षर वाकडं गं."

"गुट, छानच. म्हणजे तूच लिहिलंस हे कळेल."

मी हो म्हटलं.

परवा ती माणसं स्टिकर लावत फिरली. हिरवा म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानात, लाल म्हणजे कचऱ्याचा कंटेनर. कंटेनर खाली येऊन उभाच आहे, तोंड उघडं टाकून.

एकानं आमचं पुस्तक उघडलं. कुंकवाचा डाग बघून जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं.

लाल.

माझ्याच बोटांनी केलं ते.

रेवा शाळेत. माझ्या तोंडून नुसतं "बिट्टं, बिट्टं" निघालं, म्हणजे 'कृपा करा'. त्याला वाटलं मला वाट हवी आहे. बिचारा बाजूला सरला. मग कुलूप लावून गेले सगळे.

भाच्याला रेवानं चारदा फोन केला. उचलत नाही. बाहेरून तिच्या खिडकीतून कपाट दिसतं. लाल ठिपकाही दिसतो.

हेल्गाताई, सुखानं जा. चहाचा तुझा कप मी आधीच वर आणून ठेवलाय. तुझं नाव रेवानं मला कागदावर काढून दिलंय, रोज गिरवते आहे. आता बरं जमतं.

ती माणसं गुरुवारी सकाळी आठला येतो म्हणालीत. मी साडेसातलाच तुझ्या दारात खुर्ची टाकून बसणार आहे, पेन घेऊन.