समताची कार्यशाळा

समता डोंगरे माझी दिल्लीतली, मुनिरकातल्या खोलीतली रूममेट. मी इतिहासात पीएचडी करत होते. ती जवळच्या एका संस्थेत, संगणकाला माणसांचं बोलणं कसं कळावं या विषयात. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खिडकीतल्या मुलींच्या भांडणात आम्ही आमच्या पलंगावरून मध्यस्थी करायचो.

तिचे वडील बाबुराव भंडारा जिल्ह्यातून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथेच निवृत्त झाले. समता आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये वाढली, त्यामुळे तिचं मराठी माझ्यासारखंच, मधूनमधून ‘यार’ आणि ‘अच्छा’ येणारं. तिची आई सरलाबाई मात्र इतकी वर्षं दिल्लीत काढूनही भंडाऱ्याचंच बोलायची. बँकेच्या हेल्पलाइनवरचं मशीन ‘क्षमा करें, मैं समझ नहीं पाया’ म्हणालं की ती चिडायची. “अवं, मी का चिनी बोलून राहिली?” आणि फोन समताच्या हातात द्यायची. कॉलेजात असल्यापासून समता आईच्या वतीने मशीनशी बोलत आली होती. पुढे तिने अभ्यासाला तोच विषय घेतला, याचं तिच्या घरात कोणालाच नवल वाटलं नाही.

संशोधनासाठी ती पानिपतला जायला लागली. तिथे जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत काढणारे कारखाने आहेत. स्वेटरची बटणं, चेन कापून काढायचं काम बायका करतात. कोणी बिहारची, कोणी बंगालची, कोणी तिथलीच. प्रत्येकीची हिंदी वेगळी, आणि फोनला त्यांतल्या एकीचीही धड कळत नसे. चंदा ही त्यांच्यातली पुढारी, पूर्णियाकडची, मोठ्याने हसणारी. तिच्यामुळेच बाकीच्या बायका रेकॉर्डिंगला तयार झाल्या. समताने प्रत्येकीला समजावून सांगितलं होतं, की आवाज कधीही परत मागता येईल. संस्थेच्या संमतिपत्रात ते वाक्य घालायला तिने भांडण केलं होतं.

कार्यशाळेची कल्पना तिथेच सुचली. कृत्रिम बुद्धिमत्तेवरची एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद दोन वर्षांनी ग्रेटर नोएडात भरणार होती. अशा परिषदेच्या शेवटी दिवसभराच्या छोट्या कार्यशाळा असतात आणि त्यांच्यासाठी आधी प्रस्ताव द्यावा लागतो: विषय कोणता, आत्ताच का, वक्ते कोण, आयोजक कोण. समताच्या प्रस्तावात एकच गोष्ट वेगळी होती. ज्यांचं बोलणं मशीनला कळत नाही ती माणसं व्यासपीठावर बसतील, आणि संशोधक समोर बसून ऐकतील.

त्याच्या आदल्या वर्षी परिषद परदेशात होती, तेव्हा तिने पहिल्यांदा प्रस्ताव पाठवला. तो नाकारला गेला. परीक्षकांनी लिहिलं, कल्पना उत्तम, पण आयोजक नवखे आहेत. कोणी अनुभवी माणूस सोबत घ्या. म्हणून ती नीरजाताईंकडे गेली.

डॉ. नीरजा कर्णिक तिच्याच संस्थेत प्राध्यापक, तिच्या पीएचडीच्या मार्गदर्शकही. तीन पिढ्यांचं दिल्लीतलं मराठी घर. परदेशातल्या परिषदांमध्ये त्यांना सगळे ओळखायचे. त्या समताशी मराठीत बोलायच्या, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये तिला साबुदाणा वडा खायला न्यायच्या. “माझं नाव घाल, बाकी सगळं तू बघ,” त्या म्हणाल्या. समता त्या दिवशी खोलीवर नाचतच आली. पुढचे कित्येक महिने तिने वक्त्यांना पत्रं लिहिली, वेळापत्रक आखलं, येणारे निबंध कोण तपासणार ते ठरवलं. प्रस्ताव परिषदेच्या संकेतस्थळावर नीरजाताईंच्या खात्यावरून गेला, त्यामुळे निकालही त्यांनाच येणार होता.

निकालाची वेळ उलटून गेली. समता विचारायची, “ताई, काही कळलं?”

“नाही गं, उशीर होतोय त्यांच्याकडे.”

मग एका दुपारी बंगळूरहून हेरंबचा फोन आला. समताने वक्ता म्हणून बोलावलेला संशोधक तो. फोन स्पीकरवर होता, मी भाजी चिरत होते.

“कार्यशाळा मंजूर झाली, अभिनंदन! कर्णिक मॅडमचं रीतसर आमंत्रणही आलं. पण समता, आयोजकांत तुझं नाव कसं नाही? तू सोडलंस का?”

समता म्हणाली, “हो, जरा दुसरं काम होतं.” फोन ठेवला आणि मला म्हणाली, “मृणाल, मी असं का बोलले?”

दुसऱ्या दिवशी ती नीरजाताईंना त्याच कँटीनमध्ये भेटली. खोलीवर येऊन तिने मला शब्दन् शब्द सांगितलं.

“अगं, मी सांगणारच होते,” ताई म्हणाल्या होत्या. “प्रायोजक आले, त्यांना ओळखीची नावं हवी होती. आयोजक मोजकेच ठेवायचे होते. तू लहान आहेस, तुला पुढे खूप संधी मिळतील. स्वयंसेवकांची प्रमुख म्हणून तुला घेतलंय ना मी.”

“आणि पानिपतच्या बायका?”

“त्यांचं सत्र काढावं लागलं. व्यासपीठावर भाषेचा प्रश्न येतो. परदेशी लोकांना काय कळणार त्यांचं?”

“ताई, कार्यशाळा त्याच्यावरच आहे.”

“तेच तर गं. पण प्रॅक्टिकल बघावं लागतं.” आणि त्यांनी तिच्यासाठी आणखी एक वडा मागवला.

समताने परिषदेच्या कार्यशाळा-समितीला लिहिलं. सभ्य उत्तर आलं: आयोजकांमधले मतभेद त्यांनी आपापसात मिटवावेत. बाबुरावांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “आपल्या आडनावामुळं झालं का, बेटा?”

“माहीत नाही, बाबा. त्या तसं कधी बोलल्या नाहीत.”

“बोलत नाहीतच कोणी,” ते म्हणाले.

ती मला नंतर म्हणाली, की कारण नक्की ठाऊक असतं तर रागवायला तरी सोपं गेलं असतं.

मग ती पानिपतला गेली. फोनवर सांगणं तिला बरं वाटेना, आणि एकटीने जायचा धीर होत नव्हता, म्हणून मीही बसने सोबत गेले. चंदा कारखान्याच्या फाटकाशी आली, नवऱ्याला आणि शेजारणींना घेऊन. तिने सुट्टी आधीच मागून ठेवली होती, नवी साडी घेतली होती, व्यासपीठावर काय बोलायचं ते पाठ केलं होतं. समताने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शेजारणी एकमेकींकडे बघायला लागल्या.

“मैंने नहीं हटाया, चंदा. उन्होंने हटाया. मेरा नाम भी हटा दिया.”

चंदा म्हणाली, “दीदी, उनको तो मैं जानती ही नहीं. मैं तो आपको जानती थी.”

मग चंदाने एवढंच मागितलं, की आमचे आवाज काढून टाका. आणि ती आत निघून गेली. परतीच्या बसमध्ये समता मुरथळपर्यंत रडत होती. नीरजाताईंनी केलं त्यापेक्षा चंदाने तिला त्यांच्याच रांगेत बसवलं, हे तिला जास्त लागलं होतं.

आवाज मात्र तिने काढून घेतले. संमतिपत्रातलं वाक्य दाखवून, संस्थेत दारोदार फिरून, सगळ्यांशी वाईटपणा घेऊन. त्याने कार्यशाळेचं काहीही अडलं नाही. कोणाचं मशीन बोलणं जास्त बरोबर ओळखतं, अशी एक स्पर्धा कार्यशाळेत होती, तिच्यासाठी दुसरीकडचे आवाज आले.

कार्यशाळेच्या दिवशी ती गेलीच. मी नको म्हणत होते. “मला ऐकायचंय,” ती म्हणाली. सभागृह गच्च भरलं होतं, लोक भिंतींना टेकून उभे होते. नीरजाताईंनी सुरुवात केली ती एका आईच्या गोष्टीने. बँकेचं मशीन तिचं बोलणं समजत नाही आणि ती चिडून विचारते, मी काय चिनी बोलते का? इंग्रजीत सांगितल्यावरही लोक हसले. आईचं नाव नव्हतं, गाव नव्हतं. समता उठून बाहेर गेली. चहाच्या वेळी ताई तिला शोधत आल्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बघ, तुझी कल्पना किती पोचली!”

समता म्हणाली, “ती माझी आई आहे, ताई.” हात बाजूला केला आणि मेट्रोकडे चालायला लागली.

तिने पीएचडी पुरी केली, दुसऱ्या मार्गदर्शकांकडे. आता गुरुग्रामच्या एका कंपनीत आहे, काम बरं आहे. चंदाला ती अजून फोन करते. चंदा उचलत नाही. यंदा त्या कार्यशाळेचं दुसरं वर्ष. नीरजाताईंनी निबंध तपासायला येशील का, असं प्रेमाने विचारलं. समताने ‘नाही’ एवढंच लिहिलं. पाठवण्याआधी तिने मला ते वाचायला दिलं होतं, आणि मी म्हटलं, बिल्कुल बरोबर, आणखी काही लिहू नकोस.