साबणातलं जास्तीचं कॉस्टिक

इंटर सायन्सनंतर माझं शिक्षण थांबलं आणि नाशकात द्वारका भागाच्या पुढे निघालेल्या एका स्वदेशी साबणाच्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन कढया आणि वड्या कापायला सहा बायका. माझं काम एकच. तेलाला कॉस्टिक सोडा किती लागेल, ते काढून द्यायचं. खोबरेल तेलाला मणामागे सव्वासात शेर, हा हिशेब माझाच. साबण चांगला होत होता.

पावसाळ्यानंतर मी तापाने अंथरुणाला खिळलो. तीन आठवड्यांनी परत आलो. त्या बायकांत वयाने मोठी एक विणकराच्या घरातली मुसलमान बाई होती. तिने हातातली वड्या कापायची तार खाली ठेवली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले.

"भाऊ, हे बघा."

तळव्यांची सालं निघाली होती. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

"पीठ मळायला बसलं की मीठ असं झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं," ती म्हणाली. "सगळ्यांचंच असं झालंय."

मी कढईपाशी गेलो. वास खोबरेलाचा नव्हता. कढई ढवळणाऱ्या आचाऱ्याला विचारलं, तेव्हा कळलं की मालकांनी सिन्नरकडून शेंगदाण्याचं तेल आणलं होतं. आणि कॉस्टिक? "तुम्ही सांगितलेलंच, सव्वासात."

मी तिथेच साबणाच्या वेष्टणाच्या पाठीवर गणित मांडलं. कॉलेजात असली उदाहरणं मी डझनावारी सोडवली होती. काय दिलंय, काय काढायचंय, कोणता पदार्थ आधी संपतो, कोणता उरतो. शेंगदाण्याच्या तेलाला मणामागे साडेपाच शेरसुद्धा लागत नाही. म्हणजे दर मणाला पावणेदोन शेरांच्या वर कातडी जाळणारं कॉस्टिक साबणात मोकळंच राहत होतं. परीक्षेत मी "उरलेला अल्कली" असं लिहून खाली दोन रेघा ओढायचो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचो. तो उरून जातो कुठे, हे ना कोणी शिकवलं, ना मी कधी विचारलं.

कागद घेऊन मालकांकडे गेलो. त्यांनी तो पाहिलाही नाही.

"तेल ते तेल. आणि बायकांचं काय सांगता? नवीन कामाला हात रुळायला वेळ लागतो."

"वर्षभर रुळलेलेच हात आहेत ते!"

"केमिस्टसाहेब, आवाज खाली."

माझं डोकं फिरलं. फळीवरची ताजी वडी उचलून मी त्यांच्यापुढे ठेवली. "ठीक आहे. उद्या सकाळी याच साबणाने दाढी करून या. मग मी माझा कागद फाडतो."

त्यांनी वडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी जुन्याच साबणाने गुळगुळीत दाढी करून आले आणि आचाऱ्याला म्हणाले, "आजपासून सव्वापाच घाल. माझ्या अनुभवाला तेवढंच बरोबर वाटतं." बायकांना एक शब्द नाही. तिघी तर हातांना फडकी बांधून घरीच बसल्या होत्या.

मला वाटलं, निदान आधीचा माल तरी पुन्हा कढईत जाईल. नवं तेल घालून तो सुधारता आला असता. त्याचंही गणित मी करून ठेवलं होतं. चार दिवसांनी पाहतो, तर त्याच पेट्या बैलगाडीत चढत होत्या.

"कुठे चालल्या?"

"घोटीच्या बाजाराला," गाडीवान म्हणाला.

मी मालकांकडे धावलो. ते म्हणाले, "भात लावणारे हात आहेत तिथले. त्यांना काय होतंय!"

त्याच क्षणी मी काम सोडलं. घरी वडिलांनी मला मूर्ख म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. पण राग आला की अजून मालकांबरोबर माझाही येतो. घोटी काही लांब नव्हती. बाजाराच्या दिवशी तिथे उभं राहून हा साबण घेऊ नका, एवढं ओरडायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी घरीच बसलो.